मतपेटी, ग्रामसभा आणि मावळातले घर

मुंबई किंवा पुणे सोडून एखाद्या लहान गावात कायमचे राहायला जाऊ पाहणारे कुटुंब हवा, पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना आणि लोकलच्या वेळा यांची चौकशी उघडपणे करते; परंतु त्या गावात कोणत्या पक्षाचा जोर आहे आणि आपल्या विचारांच्या माणसाला तेथे मोकळेपणाने बोलता येईल काय, हे मात्र ओळखीपाळखीच्या लोकांकडे, आवाज खाली आणून विचारले जाते. ही चौकशी क्षुल्लक म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. आंतरधर्मीय किंवा आंतरजातीय विवाह केलेले जोडपे, आडनाव सांगताच 'जागा कालच गेली' असे उत्तर ज्यांना ऐकावे लागते अशी दलित आणि मुस्लिम कुटुंबे, एकटी राहणारी स्त्री, सार्वजनिक प्रश्नांवर लिहिणारा निवृत्त शिक्षक, या सर्वांच्या दृष्टीने गावाचा राजकीय कल हा आवडीनिवडीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा आणि सन्मानाचा विषय असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क शेजाऱ्यांच्या वागणुकीतून खरा होतो किंवा कागदावर राहतो.

अमेरिकेत या विषयाचा पुष्कळ विचार झाला आहे. चार्ल्स टीबू या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये असे मांडले की, कर आणि सार्वजनिक सोयी यांचा जो मेळ माणसाला पसंत पडतो तो देणाऱ्या गावात तो राहायला जातो, म्हणजे स्थलांतर हेही एक प्रकारचे मतदानच होय. पुढे २००८ मध्ये बिल बिशप या पत्रकाराने, अमेरिकी लोक नकळत आपल्यासारखीच मते असलेल्या वस्त्यांत गोळा होत आहेत, असा निष्कर्ष काढला, आणि काही राज्यशास्त्रज्ञांनी मतदारनोंदणीची आकडेवारी पुढे करून तो खोडूनही काढला. सर्वांत बोलके उदाहरण न्यू हॅम्पशायर राज्यातील ग्राफ्टन या छोट्या गावाचे आहे. सरकारचा हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा असे मानणाऱ्या काही मंडळींनी २००४ मध्ये हे गाव ठरवून निवडले, तेथे घरे घेतली, गावाच्या सभेत मतदान केले आणि सार्वजनिक खर्चाला कात्री लावली. आधीपासून राहणाऱ्यांना हे मानवले नाही आणि गावात दोन तट पडले. विचारांवरून गाव निवडता येते, पण आधीची माणसे त्या गावात राहतच असतात, ही गोष्ट त्या मंडळींनी पुरेशी लक्षात घेतली नव्हती.

महाराष्ट्रातही राजकारणामुळे घर बदलण्याचा इतिहास आहे, फक्त त्याला कोणी निवड म्हणत नाही. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली आणि त्यातील कित्येक कुटुंबे गाव सोडून पुण्या-मुंबईकडे गेली. दुसऱ्या बाजूला, गावकीच्या जाचातून सुटण्यासाठी दलितांनी गाव सोडून शहर गाठणे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराचे एक महत्त्वाचे अंग होते. पहिल्यांना गाव सोडावे लागले, दुसऱ्यांनी ते मुक्तीसाठी सोडले. आणि दोन्हींतील वेदना निरनिराळ्या असल्या, तरी राहण्याची जागा आणि राजकारण यांचा संबंध किती जवळचा आहे हे दोन्हींवरून दिसते.

खुद्द मावळात, म्हणजे पुणे जिल्ह्यातील लोणावळा-तळेगावच्या तालुक्यात, विचारासाठी येऊन राहिलेल्यांची दोन उदाहरणे नोंदण्याजोगी आहेत. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला आणि परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. त्याच काळात विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय, म्हणजे सरकारी मदत नाकारून चालवलेली राष्ट्रीय शाळा, तळेगावात होते. ते १९१० मध्ये सरकारने बंद पाडले. देशभरातून विद्यार्थी आणि कारागीर या गावात आले ते तेथे चाललेल्या कामासाठी. दुसरे उदाहरण आंबेडकरांचे आहे: तळेगावात त्यांचा बंगला होता, आणि मावळच्या पूर्व कडेला असलेल्या देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ज्यामुळे लष्करी डेपोच्या आधाराने वाढलेली ती कामगार वस्ती बौद्ध अनुयायांचे श्रद्धास्थान बनली. दोन्ही ठिकाणी विचार गावात आयता मिळाला नाही. तो आलेल्यांनी तेथे रुजवला.

आजच्या मावळाचा राजकीय कल मतांवरून ओळखायचा झाल्यास आकडे सहज मिळतात. मावळ विधानसभा मतदारसंघातून १९९५ मध्ये भाजपच्या रूपलेखा ढोरे निवडून आल्या, त्यांच्यानंतर १९९९ आणि २००४ मध्ये त्याच पक्षाचे दिगंबर भेगडे आणि २००९ व २०१४ मध्ये संजय ऊर्फ बाळा भेगडे यांनी ही जागा राखली. म्हणजे सलग पाच निवडणुका मावळ भाजपचा होता आणि कोणीही निरीक्षक त्याला त्या पक्षाचा बालेकिल्ला म्हणाला असता. एप्रिल २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपशी युती असलेल्या शिवसेनेचे श्रीरंग बारणे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे पार्थ पवार यांचा दोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला आणि मावळ विधानसभा क्षेत्रातही बारणे पुढे होते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये, याच क्षेत्रातील मतदारांनी राष्ट्रवादीचे सुनील शेळके यांना नव्वद हजारांहून अधिक मताधिक्य देऊन त्या वेळी राज्यमंत्री असलेल्या बाळा भेगडे यांना पराभूत केले. शेळके स्वतः भाजपमधून, उमेदवारी न मिळाल्यामुळे, राष्ट्रवादीत आलेले होते.

पाच वर्षांनी चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेळके अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे आणि महायुतीचे अधिकृत उमेदवार होते. त्यांच्याविरुद्ध राष्ट्रवादीतूनच बाहेर पडलेले बापू भेगडे अपक्ष उभे राहिले. महायुतीचा घटक असलेल्या भाजपची स्थानिक नेतेमंडळी आणि विरोधातील महाविकास आघाडी, दोघेही या अपक्षामागे उभे राहिले, आणि तरीही शेळके एक लाखाहून अधिक मतांनी जिंकले. राज्यात एकमेकांच्या विरोधात असलेले पक्ष येथे एका बाजूला आणि एका युतीतले पक्ष समोरासमोर, अशा लढतीतून कोणत्याही गावाची वैचारिक धारणा काढता येत नाही. मावळच्या मतदाराला विचार नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. येथील मत हे भावकी, म्हणजे एका कुळातील घरांचे जाळे, गावोगावचे गट, उमेदवाराचा वाडीवस्तीशी असलेला रोजचा संबंध आणि अडचणीत धावून येण्याची त्याची ख्याती, या सर्वांवरून ठरते. पक्षाचे चिन्ह हा त्यातील एक घटक असतो आणि पुष्कळदा सर्वांत हलका घटक असतो.

ज्याला अधिक बारकाईने पाहायचे आहे त्याच्यासाठी निवडणूक आयोगाचा नमुना २० उपलब्ध असतो. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली याचे हे अंतिम निकालपत्रक असून त्यात केंद्राचा क्रमांक, उमेदवारांचे रकाने, 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाची मते आणि एकूण बेरीज एका ओळीत येते. केंद्रांची यादी शेजारी ठेवून ते वाचले की लोणावळ्यातील एखाद्या शाळेच्या खोलीतील किंवा आंदर मावळातील एखाद्या वाडीतील मतांचा कल कळतो. मात्र हाच कागद तालुक्यातील पुढारीही वाचतात. केंद्रनिहाय आकडे जाहीर असल्यामुळे कोणत्या वस्तीने आपल्याला मत दिले नाही हे जिंकलेल्यालाही दिसते, आणि लहान वस्तीत गुप्त मतदानाचे संरक्षण त्या प्रमाणात पातळ होते. अनेक केंद्रांची मते एकत्र करून मोजावीत ही सूचना त्यासाठीच पुढे आली होती. ती आजवर अमलात आलेली नाही, आणि ती यायला हवी होती.

पक्षाच्या नावावर विसंबणे मावळात किती अपुरे आहे हे पाण्याच्या प्रश्नावरून सर्वांत स्पष्ट होते. पवना धरण मावळात आहे आणि त्याच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड शहर वाढले. धरणातून नदीत सोडलेले पाणी पुढे शहराजवळ उचलण्याऐवजी ते बंद जलवाहिनीने थेट शहरातील निगडीपर्यंत नेण्याची योजना आली, तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्यांना नदी कोरडी पडण्याची आणि शेतीचे पाणी जाण्याची भीती वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे व शामराव तुपे या तिघांचा मृत्यू झाला. त्या वेळी राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, पिंपरी-चिंचवड महापालिका राष्ट्रवादीकडे होती आणि मावळात भाजप व शिवसेना आंदोलनाच्या अग्रभागी होत्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये महापालिका भाजपकडे गेली आणि शहरातील भाजपला तीच जलवाहिनी हवीशी झाली, तर तालुक्यातील भाजप विरोधात कायम राहिला. निगडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी भूमिका घेणारा पक्ष एकच होता. अशा ठिकाणी घर घेणाऱ्याने गावाचा पक्ष कोणता हे विचारण्यापेक्षा हे गाव पाण्याच्या कोणत्या टोकाला आहे, हे विचारले तर गावाचे राजकारण त्याला लवकर समजेल. मावळात तीन माणसांचा जीव पाण्यासाठी गेला आहे, हे तेथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे, कारण त्याच्या नव्या घराच्या नळालाही कोठले तरी पाणी येणार असते.

गावाचा कारभार कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे आहे, हा दुसरा आणि नवागताच्या दृष्टीने बहुधा अधिक महत्त्वाचा प्रश्न होय. मावळच्या लहानशा पट्ट्यात चार प्रकार सापडतात. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषदा आहेत. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७,६९८ होती आणि तळेगावची तिच्या जवळपास होती, म्हणजे चाळीस हजार ते एक लाख लोकसंख्येच्या 'ब' वर्गात दोन्ही बसतात. वडगावला नगरपंचायत आहे, जी खेड्याचे शहर होत असताना दिली जाते. देहूरोडला कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे आणि ते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. २०२३ मध्ये देशातील कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या निवडणुका जाहीर होऊन रद्द झाल्या, त्यामुळे तेथील रहिवाशाने कोणत्याही विचाराचे गाव निवडले तरी स्थानिक कारभार निवडण्याची संधी त्याला मिळाली नाही. कामशेत, कार्ला, सोमाटणे आणि उरलेली गावे ग्रामपंचायतींच्या हाती आहेत.

नगरपरिषदांचीही स्थिती काही काळ फार वेगळी नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये लोणावळ्याने थेट मतदानाने भाजपच्या सुरेखा जाधव यांना नगराध्यक्ष निवडले; त्या सभागृहाची मुदत २०२२ च्या सुरुवातीला संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे राज्यभरातील निवडणुका लांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांसाठी मतदान झाले. मधली जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाने, म्हणजे राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने पाहिला. नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडावा की नगरसेवकांनी, हा नियमसुद्धा मुंबईत सरकार बदलले तसा बदलत गेला: २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. लहान गावाचा राजकीय स्वभाव शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की ज्या गावाला चार वर्षे आपला कारभारी निवडताच आला नाही, त्याचा स्वभाव त्या काळातील कारभारावरून ठरवणे त्या गावावर अन्याय करणारे आहे.

ग्रामपंचायतीचे गणित याहून निराळे आहे. तिची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही; स्थानिक पॅनेल उभी राहतात आणि निकालानंतर प्रत्येक पक्ष तीच ग्रामपंचायत आपली असल्याचे जाहीर करतो. परंतु ग्रामपंचायतीच्या गावात असे एक दालन आहे जे नगरपरिषदेच्या शहरात नाही, आणि ते म्हणजे ग्रामसभा. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. वर्षातून किमान चार सभा व्हाव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. सभेचे इतिवृत्त, म्हणजे काय चर्चा झाली आणि कोणता ठराव झाला याची नोंद, ग्रामपंचायतीच्या दप्तरात असते आणि माहितीच्या अधिकारात ती पाहता येते. घर घेण्याआधी हे इतिवृत्त वाचणे म्हणजे गाव आतून पाहणे होय: सूचक आणि अनुमोदक म्हणून दर वेळी त्याच दोन आडनावांची माणसे येतात की निरनिराळ्या वाड्यांची, महिलांची सभा खरोखर भरली की केवळ सह्या घेतल्या गेल्या, ठाकर किंवा कातकरी वस्तीच्या रस्त्याचा विषय वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो की मार्गी लागतो, आणि विरोधी मत नोंदवले जाते की सर्व ठराव 'एकमताने' लिहिले जातात. विरोधाची नोंद ज्या दप्तरात सापडते ते गाव, त्याने कोणालाही मत दिलेले असो, वेगळ्या मताच्या माणसाला राहण्याजोगे आहे असे मानायला जागा आहे.

शेजाराचा प्रश्न मात्र ग्रामसभेने सुटत नाही. मावळात येणारे बहुतेक नवे लोक गावठाणात, म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीत राहत नाहीत. ते कुंपण घातलेल्या प्लॉटच्या योजनेत किंवा तळेगावच्या स्टेशन भागातल्या गृहनिर्माण संस्थेत जागा घेतात, आणि नकार बहुधा तेथेच मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला, आणि हा निर्णय आजही अनेकांना खुपतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातील कलम २३ मात्र खुल्या सभासदत्वाचे असून, पात्र व्यक्तीला पुरेशा कारणावाचून प्रवेश नाकारता येत नाही. शेतजमीन घेऊन राहू इच्छिणाऱ्यासमोर आणखी एक दार असते: १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारली गेलेल्या समाजातील माणसाला, शेतकरी असल्याचा पुरावा दाखवणे हे अनेकदा विचार जुळण्यापेक्षा कठीण जाते.

लोणावळ्यात या सर्वांच्या जोडीला एक वेगळीच स्थिती आहे. शनिवारी-रविवारी जुन्या महामार्गावर वाहनांची रांग लागते, चिक्कीच्या दुकानांसमोर गर्दी होते, मुंबईकरांच्या बंगल्यांची फाटके उघडतात आणि सोमवारी ती पुन्हा बंद होऊन माळी आणि रखवालदाराचे कुटुंब तेवढे मागे राहते. या शहराला पाहुणे, पर्यटक, आयएनएस शिवाजी या नौदल संस्थेतील प्रशिक्षणार्थी आणि १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेल्या कैवल्यधामातील साधक भरपूर लाभले आहेत, पण त्याचे मतदार मुख्यतः दुसरेच आहेत: रेल्वेचे आजी-माजी कामगार, हॉटेलांतील नोकरदार, रिक्षाचालक, दुकानदार, भांगरवाडी-नांगरगावातील चाकरमानी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० प्रमाणे एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात असल्यामुळे कोणी तेथील 'सर्वसाधारण रहिवासी' ठरत नाही, आणि कलम १७ प्रमाणे एका व्यक्तीचे नाव एकापेक्षा अधिक मतदारसंघांच्या यादीत असू शकत नाही. म्हणून बंगल्यांच्या गप्पांतून ऐकू येणारे लोणावळ्याचे राजकारण आणि लोणावळ्याच्या मतपेटीतून निघणारे राजकारण ही दोन वेगवेगळ्या लोकसमूहांची मते असतात. पहिले ऐकून गाव निवडणारा माणूस प्रत्यक्षात दुसऱ्यांच्या शेजारी राहायला येतो.

जो खरोखर राहायला येतो त्याला नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो, तर पूर्वी कोठेच नाव नसलेल्याला नमुना ६. वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आता नोंदणीसाठी धरले जातात. स्थानिक निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेची घेऊन तिचे प्रभागांत विभाजन करतो. डिसेंबर २०२५ च्या मतदानासाठी ती १ जुलै २०२५ रोजीची होती, त्यामुळे त्या तारखेनंतर ज्याचे नाव यादीत आले त्याला, घर कितीही आधी घेतलेले असले तरी, त्या मतदानात भाग घेता आला नाही. ग्रामपंचायतीच्या गावात राहायला आलेल्या माणसाच्या बाबतीत याच नोंदीला दुहेरी मोल आहे, कारण नाव दादर किंवा कोथरूडच्या यादीत ठेवून तो कुसगावात किंवा वराळ्यात कितीही वर्षे राहिला, तरी तेथील ग्रामसभेत पाण्याच्या, कचऱ्याच्या किंवा रस्त्याच्या ठरावावर हात वर करण्याचा अधिकार त्याला नसतो.